लग्नाचे प्लग, रस्त्याचे प्लग

गाडीला कोणता प्लग बसवायचा हे विचारायला कोणी आलं, की मी आधी गाडीकडे बघतच नाही. माणसाकडे बघतो आणि विचारतो, "कुठे कुठे जाता?" निम्म्या लोकांना याचा राग येतो. म्हातारा नसत्या चौकशा करतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. अहो, तुम्ही सासुरवाडीला जा नाहीतर आणखी कुठे, मला काय करायचंय! पण तुमची गाडी रोज बाजारापर्यंत जाऊन येते, की आठवड्यातून एकदा सुरतेपर्यंत पळते, हे कळल्याशिवाय मी प्लगच्या खोक्याला हात लावत नाही.

माझं नाव रमाकांत. निर्मळला, केळीच्या वाडीला लागून माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि मधोमध एक खड्डा. त्या खड्ड्यात उतरून मी चाळीसेक वर्षं गाड्यांची पोटं बघितली. पूर्वी सगळ्या गाड्या यायच्या. आता नव्या गाड्यांना कॉम्प्युटर जोडून त्यांचं दुखणं विचारतात. मी त्यांच्या वाटेला जात नाही, त्याही माझ्या वाटेला येत नाहीत. माझ्याकडे आता फक्त कार्ब्युरेटरवाल्या म्हाताऱ्या गाड्या येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे म्हातारे मालक. दोघांनाही घाई नसते, त्यामुळे आमचं जमतं.

ज्यांनी आयुष्यात कधी बॉनेट उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. प्लग म्हणजे बोटभर लांबीची वस्तू. खाली लोखंडी आटे, वर पांढरी चिनीमाती, आणि खालच्या टोकाला दोन तारा, मधे नखाच्या जाडीएवढी फट. त्या फटीत ठिणगी उडते, पेट्रोल पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो आणि तुम्ही सासुरवाडीला पोचता. चार सिलिंडर असले तर चार प्लग. पण त्या एवढ्याशा वस्तूच्या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आट्यांची लांबी जुळली पाहिजे, नाहीतर प्लग आत घुसून पिस्टनला टोचतो. फट जुळली पाहिजे. आणि तिसरी गोष्ट, जी कोणीच विचारत नाही, ती म्हणजे गरमी.

प्लगमध्ये गरम आणि थंड असे प्रकार असतात. दुकानात हात लावून बघाल तर दोन्ही गारच लागतील, हसू नका. फरक आतल्या चिनीमातीत असतो. गरम प्लग आपली उष्णता धरून ठेवतो, थंड प्लग ती सोडून देतो. भाकरीचा तवा आठवा. तवा नीट तापला नाही तर भाकरी चिकटते, फार तापला तर करपते. प्लगच्या टोकाचंही तसंच. ते गार राहिलं तर त्यावर काजळी धरते, ठिणगी उडत नाही आणि गाडी खोकायला लागते. फार तापलं तर लालभडक होतं आणि ठिणगीची वाट न बघता स्वतःच पेट्रोल पेटवतं, नको त्या क्षणाला. मग इंजिनाचं काय होतं, ते सांगायलाच मी लिहायला बसलोय. त्यात माझी फजिती आहे, पण ती मीच सांगितलेली बरी.

वापरलेला प्लग हातात घेतला की मी मालकाची कुंडली सांगतो, असं लोक म्हणतात. त्यात जादू काही नाही. टोकाचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा असला तर सगळं क्षेम आहे. काळा आणि तेलकट असला तर इंजिन झिजलंय. काळा पण कोरडा असला तर मालक भित्रा आहे, गाडी तापूच देत नाही. विरारचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचे प्लग दर महिन्याला कोळशासारखे व्हायचे. शेवटी मी विचारलं, "मास्तर, चौथा गिअर शेवटचा कधी टाकलात?" ते शांतपणे म्हणाले, "तशी वेळ आली नाही." गाडी घेऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती.

आणि अलीकडचे हौशी लोक! नायगावच्या नव्या टॉवरमधला एक तरुण आहे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने कुठूनशी आजोबांच्या काळातली गाडी विकत घेतली आणि बरोबर सोनेरी डबीतले चार प्लग घेऊन आला. "काका, डायरेक्ट फॉरेनवरून मागवलेत. रिव्ह्यू बघा ना, एकदम फाइव्ह स्टार."

"रिव्ह्यू लिहिणाऱ्याची गाडी कुठली?"

"ते नाही लिहिलं. पण काका, प्लग तो प्लग होता है ना?"

मी त्याच्या गाडीतला जुना प्लग काढून नव्याच्या शेजारी उभा धरला. नव्याचे आटे चांगले पेराएवढे लांब. मग तोच प्लग बसवून मी इंजिन हाताने हळूच फिरवलं. आतून टक् असा आवाज आला आणि इंजिन अडलं. त्याला म्हटलं, "हा तुझा फाइव्ह स्टार पिस्टनला लागला. चावी मारली असतीस तर?" पोरगा पांढरा पडला. पण गुणी आहे. तेव्हापासून गाडीचं काहीही घ्यायचं असलं की आधी फोन करून विचारतो.

आता इनासकाकांची गाडी.

इनासकाका आमच्याच गावातले, ख्रिस्ती आळीतले. मोगऱ्याची आणि केळीची वाडी, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मात्र अजून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. त्यांच्या घरातली बोली वेगळी, आमच्या घरातली वेगळी. आम्ही दोघं बाजारात बोलतात ती मराठी बोलतो, तीच इथे लिहितोय. त्यांची गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, विलायतेहून बोटीने आलेली. छोटीशी, काळी, गोल डोळ्यांची. मी गॅरेज टाकलं तेव्हापासून तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगतो.

त्या आळीत एक रीत आहे. आळीतली प्रत्येक नवरी चर्चला जाते ती याच गाडीतून. मागच्या सीटवर पांढरीशुभ्र चादर, ती काकांची बायको फिलूकाकी स्वतः इस्त्री करते. बॉनेटवर त्यांच्याच वाडीतल्या मोगऱ्याची माळ. मागे नवरी आणि तिचा बाप, पुढे कोट घातलेले इनासकाका, एकटे. भाड्याचं नाव काढलं तर ते भांडायला उठतात.

घरापासून चर्च दीड किलोमीटर असेल, पण पुढे बँड असतो. बँडपुढे नवरीचे मामे, काके, चुलतभाऊ नाचत असतात. दर दहा पावलांवर कोणाला तरी जोर चढतो आणि वरात थांबते. भर उन्हात त्या दीड किलोमीटरला तास लागतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत, मधेच थांबत, नुसती धुमसत राहते. टोकं तापत नाहीत, काजळी धरते. पुस्तकात त्या गाडीला जो प्लग सांगितलाय तो मी सुरुवातीला इमानेइतबारे बसवायचो आणि दोन लग्नांत गाडी चर्चच्या फाटकाशी बंद पडली. नवरीची गाडी बंद पडणं म्हणजे काय ते बायकांना विचारा. एका नवरीच्या आत्याने भर रस्त्यात माझा उद्धार केला होता.

पुस्तक लिहिणाऱ्याला आमचा बँड माहीत नव्हता, त्याला तो काय करणार! मग मी माझं डोकं चालवलं आणि लग्नासाठी जास्त गरम प्लगांचा एक वेगळा संच केला. लग्नाच्या आदल्या दिवशी लग्नाचे प्लग घालायचे, नंतर काढून रस्त्याचे घालायचे. दोन्ही दिसायला जुळे, म्हणून लग्नाच्या प्लगांवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. तरीही प्रत्येक लग्नात मी गाडीच्या बाजूने चालत जातो, अंगात नवा शर्ट आणि खिशात प्लगचा पाना. फिलूकाकी मला करवली म्हणते.

आळीतल्या सगळ्या नवऱ्या त्या गाडीत बसल्या. एकच बसली नाही. ती म्हणजे इनासकाकांची स्वतःची एकुलती एक मुलगी, मर्लिन.

मर्लिन नाशिकला नोकरी करते. तिथल्याच प्रशांत नावाच्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा हिंदू, घरचे साधे, चांगले लोक. लग्न वसईच्या रजिस्ट्रार कचेरीत करायचं ठरलं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या सकाळी मर्लिन साडी नेसून अंगणात आली आणि म्हणाली, "पप्पा, गाडी काढता ना?" काका म्हणाले, "माझी गाडी चर्चला जाते. कचेरीत जात नाही." मर्लिन आईला घेऊन रिक्षाने गेली. दुपारी मी कशासाठी तरी त्यांच्याकडे गेलो, तर काका गाडी धूत होते. गाडी लखलखत होती, तरी धूत होते. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. अहो काका, अजून वेळ आहे, चला, एवढंच म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं, बापलेकीच्या भांडणात आपण कशाला पडा, आणि चहा पिऊन परत आलो. याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर सहा वर्षं बापलेक बोलले नाहीत. काकी फोनवर बोलायची, काका तेवढा वेळ वाडीत जाऊन उभे राहायचे.

यंदा ईस्टरनंतरच्या रविवारी आळीत एक लग्न झालं. नवरी मर्लिनची धाकटी मैत्रीण. गाडी गुणी मुलीसारखी चर्चपर्यंत गेली. सोमवारी इनासकाका स्वतः गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "रमा, रस्त्याचे घाल. उद्या सकाळी काढायचीय."

साऱ्या जगाला मी विचारतो, कुठे जाता? काकांना विचारलं नाही. ते जाऊन जाऊन कुठे जाणार? रविवारी चर्च, फार तर विरारचा बाजार. आणि त्यांनीही सांगितलं नाही.

लग्नाचे चार प्लग मी काढले. रस्त्याचे चार खोक्यात पडून धुळकटले होते. म्हटलं, आठही एकदमच धुऊन टाकू. एरवी मी पेट्रोलने धुतो. त्या दिवशी पेट्रोल संपलं होतं आणि रंगाऱ्याचा थिनर समोर होता. आठ प्लग थिनरच्या डब्यात टाकले, ब्रशने घासले आणि ताटलीत मांडले. आठही स्वच्छ, पांढरे, आणि एकावरही लाल ठिपका नाही. थिनरने नेलपॉलिश जातं हे कुठल्याही बाईने सांगितलं असतं. माझ्या बायकोने सांगितलंच, पण नंतर.

आता प्लगवर नंबर असतो. बारीक अक्षरात, चिनीमातीवर. चष्मा लावला की वाचता येतो. चष्मा ड्रॉवरमध्ये होता. पण बाकावर तो नायगावचा पोरगा बसला होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आणि थोड्याच वेळापूर्वी मी त्यांना ऐकवत होतो की प्लग मी नुसत्या हाताने ओळखतो. अशा वेळी ड्रॉवर उघडून चष्मा काढायचा? मी एकेक प्लग बोटांत फिरवला, मान हलवली, चार निवडले आणि बसवले. काकांनी गाडी सुरू केली, छान सुरू झाली. ते गेले.

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला फोन आला.

"रमा, गाडी मेली."

"कुठे?"

"जव्हारच्या घाटात."

"घाटात? काका, तुम्ही घाटात काय करताय?"

काका म्हणाले, "नाशिकला चाललो होतो." त्यापुढे मला काही विचारायची गरज नव्हती.

मी व्हॅनमध्ये हत्यारं टाकत होतो, तोवर गाडी बंद पडल्याचं कळून फिलूकाकी धापा टाकत आली. "रमाकांत, ऐक. हे अचानक जाऊन तिला चकित करणार होते. मी रात्रीच तिला सांगून टाकलं, मला राहवेना. रजा घेतलीय तिने. सकाळपासून गॅलरीत उभी आहे. पण तुझ्या काकांना हे बोलू नको हां, रागावतील." मी म्हटलं, नाही बोलत.

मनोरला वळून, विक्रमगड मागे टाकून मी घाटाला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एका चहाच्या टपरीशेजारी झाडाखाली गाडी उभी होती. मी जवळ गेलो. बॉनेटवर मोगऱ्याची माळ होती, उन्हाने मान टाकलेली. मागच्या सीटवर इस्त्रीची पांढरी चादर. आणि टपरीच्या बाकावर इनासकाका, तसल्या उकाड्यात लग्नाचा कोट घालून.

"चढावर खडखड करायला लागली," ते म्हणाले. "चावी काढली तरी दोन-तीन झटके मारत होती. मग धूर."

मी पाना बाहेर काढला. चावी काढल्यावरही इंजिन फिरतं, म्हणजे आत काहीतरी लाल झालेलं असतं.

"रमा, खोलू नको," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सहा वर्षं मी देवाला विचारतोय, जाऊ का तिच्याकडे. तो बोलत नव्हता. आज बोलला. नको जाऊ म्हणाला. मला घरी सोड."

"बघतो तरी," मी म्हटलं आणि पाना लावला.

पहिला प्लग बिस्किटाच्या रंगाचा. दुसराही तसाच. तिसरा बाहेर काढला आणि माझे हात थांबले. चिनीमाती पांढरीफटक, तिच्यावर फोड, टोक वितळलेलं आणि त्यावर चांदीसारखे बारीक कण. ते कण प्लगचे नसतात, पिस्टनचे असतात. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं होतं. चौथा प्लग त्याच वाटेवर होता. या वेळी चष्मा खिशात होता. लावला आणि नंबर वाचले. चारातले दोन रस्त्याचे होते, दोन लग्नाचे.

खरं सांगतो, त्या क्षणी मी तो तिसरा प्लग मुठीत झाकला. मला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. जुनी गाडी, एप्रिलचं ऊन, घाट. कोणीही मानलं असतं. चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. काकांनी तर सगळं देवावर सोपवून टाकलं होतं. पण मी गप्प राहिलो असतो तर हा माणूस इथून परत गेला असता आणि पुन्हा कधी नाशिकचं नाव काढलं नसतं. तिकडे ती गॅलरीत उभी. एकदा चहा पिऊन परत आलो होतो, ते पुरे होतं.

मी चारही प्लग त्यांच्या शेजारी बाकावर मांडले.

"काका, देव काही बोललेला नाही. मी चुकलो."

"काय?"

"लग्नाचे प्लग राहिले आत. दोन. तुमच्या बँडपुढे रांगायला ठीक, घाटात नाही. त्याने पिस्टन जाळला. ठिपके पुसले गेले आणि मी नंबर वाचला नाही."

"का नाही वाचलास?"

"चष्मा लावायला लागला असता. लोक बसले होते."

काका उठले. क्षणभर वाटलं मारतात. "गाढवा! लोक बसले होते? माझ्या बापाची गाडी! त्याने लेकरासारखी सांभाळली, मी सांभाळली, आणि तुला चष्म्याची लाज वाटली? अरे, डोळे गेलेत तर घरी बस ना! निर्मळात जाऊन सांगतो सगळ्यांना, या माणसाकडे सायकलसुद्धा देऊ नका!" टपरीवाली बाई हातात गाळणी घेऊन बाहेर आली. मी मान खाली घालून उभा होतो. ते बोलत होते त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

मग ते एकदम थांबले. बाकावर बसले. प्लगांकडे बघत राहिले.

"म्हणजे त्याने नको जाऊ असं सांगितलेलं नाही."

"नाही."

"मग काय सांगितलंय?"

"काहीच नाही, काका. तुम्हीच ठरवायचंय."

त्यांनी कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं. "गाडीशिवाय कसा जाऊ? तिला गाडीत बसवायची होती. चादर टाकून आणलीय. हात हलवत कुठे जाऊ मी? सहा वर्षांनी दारात उभा राहून काय सांगू?"

फिलूकाकीला दिलेला शब्द मी तिथेच मोडला. "ती सकाळपासून गॅलरीत उभी आहे," मी म्हटलं. "काकीने तिला सांगितलंय. आता तुम्ही परत फिरलात, तर तिला काय वाटेल याचा विचार करा."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मी व्हॅनचं दार उघडलं आणि म्हटलं, "बसा. शिव्या अजून बाकी असतील तर वाटेत घाला, रस्ता लांब आहे."

ते गाडीपाशी गेले, बॉनेटवरची माळ सोडवली आणि माझ्या व्हॅनमध्ये, ऑइलच्या डब्याशेजारी, कोट सांभाळत बसले. मोखाड्यापर्यंत त्यांनी खरोखरच मला शिव्या घातल्या. मग दमले. त्र्यंबकच्या अलीकडे आपणहून सांगायला लागले. रविवारच्या लग्नात आरशात त्यांना मागे बसलेली नवरी दिसत होती. तिने बापाचा हात धरला होता. मधेच ती पुढे वाकून म्हणाली, "काका, मर्लिनला बोलावलं होतं मी. ती म्हणाली, पप्पा बोलावतील तेव्हा येईन." बँड वाजत होता म्हणून कोणाला कळलं नाही, पण चर्चपर्यंत आपल्याला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता, असं काका म्हणाले. त्या दिवशी मी गाडीच्या बाजूने चालत होतो. माझं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

गाडीचं इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशी ती ट्रकवर घालून आणली. पिस्टन कुठेच मिळेना, शेवटी एका ओळखीच्या कारागिराकडून घडवून घेतला. महिने गेले. त्या काळात गॅरेजवर जो येईल त्याला मी स्वतः सांगितलं की ही गाडी कोणामुळे इथे उभी आहे. काकांना तेवढाही त्रास ठेवला नाही. आता चष्मा दोरीने गळ्यात असतो. आणि प्लगांना ठिपका देत नाही, दोन संच दोन गावांत ठेवावेत तसे लांब ठेवतो.

नाशिकला पोचायला दुपारचे दोन वाजून गेले. मर्लिनची इमारत सापडली. वर बघितलं तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ती उभी होती. आमची व्हॅन थांबली, तरी ती रस्त्याच्या टोकाकडेच बघत होती. तिला काळी गाडी यायची होती. मग तिने व्हॅनमधून उतरणारा कोट ओळखला आणि गॅलरीतून दिसेनाशी झाली. जिन्यात चपलांचा आवाज झाला. ती खालच्या पायरीवर येऊन थांबली, आमच्यापासून चार हातांवर. सहा वर्षांत बारीक झाली होती.

"गाडी?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. तिच्यापुढेही कबूल करायचं मी ठरवलं होतं. तेवढ्यात काकांनी माझं मनगट घट्ट दाबलं.

"गाडी म्हातारी झालीय, बाय," ते म्हणाले. "घाट चढेना."

मोखाड्यापर्यंत ज्या माणसाने माझी सालटी काढली होती, त्याने मुलीसमोर माझ्यावर एक शब्द येऊ दिला नाही. माझे डोळे भरून आले. यात लपवण्यासारखं काही नाही.

मर्लिन बापाकडे बघत होती. म्हणाली, "त्या दिवशी गाडीही नव्हती आणि तुम्हीही नव्हता, पप्पा. आज नुसती गाडी नाहीये."

आळीला हलवून सोडणारा काकांचा आवाज कुठे गेला कोण जाणे. त्यांनी ती कोमेजलेली माळ तशीच पुढे केली. मर्लिनने ती घेतली, नाकाशी धरली, आणि दुसऱ्या हाताने बापाचा कोपर धरून त्यांना जिना चढवायला लागली. एकेक पायरी, सावकाश.

मी मागे थांबलो. माझे हात काळे होते आणि शर्टाला ऑइल लागलं होतं. म्हटलं, बापलेकीला भेटू दे, आपण व्हॅनमध्ये बसू. काका अर्ध्या जिन्यात थांबले, वळले, आणि तोच जुना आवाज वरून खाली आला.

"रमा, तू तिथे खाली काय करतोस? चल वर. माझ्या मुलीचं घर बघायचंय."